कार्पेट की शहाबादी?

आमच्या प्रभागातल्या समाजमंदिराच्या दारावर गेल्या महिन्यात महापालिकेची नोटीस चिकटली. तिथे तंत्रज्ञान केंद्र करायचं घाटतंय, नागरिकांनी हरकती-सूचना द्याव्यात. पर्याय दोन. एक, इमारत पाडून चार मजली नवी बांधायची आणि चालवायला खासगी संस्थेकडे द्यायची, म्हणजे स्टार्टअपवाल्यांचं, नव्या कंपन्या काढणाऱ्यांचं, हब. दुसरा, आहे त्या इमारतीची डागडुजी करायची, आत यंत्रं मांडायची आणि वस्तीला खुली कार्यशाळा करायची. दोन्ही प्रकारच्या जागांत मी भाडं भरून बसलोय हे सोसायटीत सगळ्यांना माहीत. त्यामुळे जिन्यात, लिफ्टमध्ये, इस्त्रीवाल्यापाशी एकच प्रश्न : "काय लिहायचं हो अर्जात?" दर वेळी नव्यानं सांगण्यापेक्षा एकदाच लिहून टाकतो. तुमच्याकडेही अशी नोटीस लागली असेल तर कदाचित उपयोगी पडेल.

इनक्युबेशन (नव्या कंपन्यांना सुरुवातीचा आधार), को-वर्किंग (एकाच मजल्यावर भाड्याची टेबलं), यावर जास्त सांगत बसत नाही. माझं काम मात्र सांगायला हवं, कारण मत त्यातूनच आलंय. मी शेतीपंपाच्या मोटारींचे ऑटो स्टार्टर बनवतो, मोबाईलवरून चालू-बंद होणारे. रात्री दोनला लाइट आली की विहिरीवर कोण जाणार, त्यावरचा हा इलाज. अर्धं काम लॅपटॉपवर, अर्धं सोल्डरगनवर. तुमचं सगळं काम लॅपटॉपवरच होत असेल, तर खालचं निम्मं तुमच्यासाठी नाही.

आधी हब. मी बसायचो त्या जागी पूर्वी पालिकेचं सभागृह होतं. बारशी, साखरपुडे, रक्तदान शिबिरं, निवडणुकीत मतदान. ते पाडून झालेल्या काचेच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर मी चौदा महिने काढले. उगाच नावं ठेवणार नाही, सोय उत्तम होती. इंटरनेट कधी गेल्याचं आठवत नाही. मीटिंग रूम तासावर मिळायची, आणि बाहेरगावच्या डीलरला तिथे बसवून चहा पाजला की तो भावात जरा कमी घासाघीस करायचा. खरा फायदा कागदोपत्री. जीएसटी नोंदणीला लागणारा करार, वीजबिल, ना-हरकत पत्र, सगळं एका ईमेलवर हातात आलं. घरच्या पत्त्यावर नोंदणी करताना ज्यानं सोसायटीच्या सेक्रेटरीमागे चकरा मारल्यात, त्याला याची किंमत कळेल. शिवाय शेजारच्या टेबलावरच्या मुलीनं मला ॲपमधलं बरंच काही फुकट शिकवलं. तशी संगत विकत मिळत नाही.

आता ते कार्पेट. करड्या रंगाचे चौकोनी तुकडे, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. पहिल्याच आठवड्यात टेबलावर गन तापवली, रिलेच्या (विजेवर चालणाऱ्या छोट्या स्विचच्या) चार पिना जोडल्या, सोल्डरमधल्या फ्लक्सचा धूर वीतभर वर गेला असेल नसेल, आणि छतावरची धुराची घंटा कोकलायला लागली. मजला रिकामा झाला. चाळीसएक माणसं खाली पार्किंगमध्ये, काहींच्या कानात अजून हेडफोन, आणि मी जिन्यात हातात गरम गन घेऊन उभा. ठेवू कुठे? संध्याकाळी सगळ्यांना ईमेल : उष्णता, धूर किंवा ठिणगी निर्माण होईल असं कोणतंही काम मजल्यावर करू नये. व्यवस्थापक मुलगा सज्जन होता. म्हणाला, "सर, तुमचं बरोबर आहे, पण विम्याच्या अटीतच आहे ते."

तळमजल्यावर 'इनोव्हेशन लॅब' अशी पाटी होती. तिथे करू का म्हणून विचारायला गेलो, तर तिथेही कार्पेट. एक थ्रीडी प्रिंटर काचेच्या कपाटात होता, उद्घाटनाची फीत अजून गुंडाळलेली. पाहुणे आले की त्याच्यासमोर फोटो. माझ्या चौदा महिन्यांत त्यातून एकदा गणपती निघाला, तोही सोंडेपर्यंत. आतलं प्लास्टिक संपलं.

मग मी जिन्याच्या वळणावर एक्स्टेंशन बोर्ड ओढून बसायला लागलो. उन्हाळ्यात ठीक होतं. पावसात उघड्या खिडकीतून झड यायची आणि पीसीबीवर, म्हणजे सर्किटच्या पट्टीवर, थेंब पडायचे. घरी सांगितलं तर बायको म्हणाली, "जिन्यातच बसायचं तर आपल्या जिन्यात बस की. पैसे कशाला भरतोस?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही. लोक म्हणतील, एका कार्पेटवरून एवढं मोठं मत? असेल माझा दुराग्रह. पण ज्यानं ते कार्पेट निवडलं, त्याच्या डोळ्यांसमोर तंत्रज्ञान म्हणजे खुर्चीत बसून टाइप करणारा माणूस होता, आणि बाकी सगळे नियम त्याच माणसाच्या मापानं शिवलेले निघाले. जुन्या सभागृहात शहाबादी होती म्हणे. पंगतीत सांडलेली आमटी बादलीभर पाण्यात धुऊन निघायची.

तिथून उठलो आणि एका बंद पडलेल्या पालिकेच्या शाळेत गेलो. पट घटला, मुलं दुसऱ्या शाळेत हलवली, आणि दोन वर्गखोल्या एका स्थानिक संस्थेला नाममात्र भाड्यानं मिळाल्या. फळा अजून आहे, त्यावर आम्ही ऑर्डरी लिहितो. कडेनं टेबलं, एक ड्रिल, एक जुना लेथ, आणि एक लेझर कटर जो एप्रिल-मेमध्ये दुपारी तापून रुसतो. खाली शहाबादी. सोल्डरचा थेंब पडला तर गार झाल्यावर पत्र्याच्या पट्टीनं उचकटायचा.

तीन वर्षांत इथे काय जास्त झालं याचा माझ्याकडे तक्ता नाही. एक प्रसंग सांगतो. खेडकडचा एक शेतकरी जळालेला स्टार्टर युरियाच्या पोत्यात गुंडाळून घेऊन आला. चपला दाराशी काढल्या, पोतं फरशीवर उपडं केलं. वाळकी माती, पालीची दोन अंडी, काळाठिक्कर पडलेला काँटॅक्टर, म्हणजे मोटारीचा मोठा स्विच. आणि रिलेच्या फटीत पालीचं शेपूट. दहा मिनिटांत निदान झालं. तेव्हापासून माझ्या डब्याच्या प्रत्येक भोकाला जाळी असते, आणि तशा तक्रारी जवळपास थांबल्या. हाच माणूस मी हबमध्ये असताना एकदा आला होता. आधार कार्ड जवळ नाही म्हणून पाऊण तास रिसेप्शनवर बसला आणि पोतं त्यांनी बाहेर ठेवायला लावलं. मी खाली पोचेपर्यंत त्याची एसटी सुटायची वेळ झाली होती. पोतं तसंच परत गेलं. ते तेव्हाच उघडलं असतं तर पुढच्या शंभरेक डब्यांना जाळी लागली असती.

शाळेच्या जागेतले हाल मात्र लपवत नाही. कौलं गळतात, जून आला की यंत्रांवर निळी ताडपत्री. स्वच्छतागृह पहिली ते चौथीच्या मापाचं, नळ गुडघ्याशी. मैदान ढोल-ताशा पथकाला सरावासाठी दिलेलं, त्यामुळे गणपतीआधी महिना-दीड महिना संध्याकाळी सातनंतर फोनवर बोलायचं झालं तर स्कूटर काढून चौकात जावं लागतं. यंत्रांना लागणाऱ्या थ्री फेज वीज कनेक्शनसाठी आम्ही इतके अर्ज केले की वीज कार्यालयातला शिपाई नावानं ओळखायला लागला. आणि जीएसटीला हा पत्ता चालत नाही, कारण करार संस्थेच्या नावावर. माझी नोंदणी शेवटी मेहुण्याच्या दुकानावर झाली. ग्राहकावर छाप पाडायची असेल तर ही जागा नाही. हबमध्ये डीलर टाय लावून यायचे, इथे चपला कुठे काढू विचारतात.

कार्यशाळेकडे माझा कल आहे हे एव्हाना कळलंच असेल. तरी नोटिशीत 'वस्तीला खुली' असं लिहिलंय म्हणून लगेच टिक करू नका. बार्सिलोनात काय झालं ते बघा. तिथल्या नगरपरिषदेनं वस्त्या-वस्त्यांत डिजिटल कार्यशाळा काढायचं ठरवलं. सिउतात मेरिदिआना या गरीब, बेकारीनं गांजलेल्या वस्तीत त्यासाठी निवडलेली इमारत लोक अन्नपेढीसाठी, म्हणजे गरजूंना धान्य वाटायला, वापरत होते. २०१३ मध्ये रहिवासी तिथे ठाण मांडून बसले; घरात धान्य नाही आणि तुम्ही लेझर कटर आणता, असा त्यांचा सूर. पुढे वाटाघाटी झाल्या आणि प्रशिक्षण, रोजगार याकडे केंद्रानं लक्ष द्यायचं अशी तडजोड निघाली. हेतू चांगला होता, यंत्रंही चांगली होती. त्या खोलीत आधी काय चालतं हे मात्र कुणी विचारलं नव्हतं. आमच्या समाजमंदिरात सकाळी अभ्यासिका भरते, मंगळवारी बचत गट, अधूनमधून पोलिओचा डोस. नोटिशीत त्यांच्याबद्दल एक ओळ नाही, दोन्ही पर्यायांत नाही.

याउलट पुणे जिल्ह्यातलं पाबळ गाव. डॉ. श्रीनाथ कलबाग हिंदुस्थान लिव्हरमधली संशोधनाची नोकरी सोडून तिथे गेले आणि १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू झाला. जगातल्या अगदी सुरुवातीच्या फॅब लॅबपैकी (संगणकावर चालणाऱ्या यंत्रांच्या खुल्या कार्यशाळांपैकी) एक २००२ मध्ये तिथेच उभी राहिली, शिरूर तालुक्यात, पुण्यातल्या कुठल्याही काचेच्या इमारतीत नव्हे. पण तोवर तिथली मुलं जवळजवळ वीस वर्षं वेल्डिंग, सुतारकाम, शेती, वायरिंग करत होती. यंत्र आलं ते चालू कामात आलं. आमच्या शाळेतही लेथ आधी आला आणि लेझर कटर नंतर, म्हणून तो रुसला तरी कुणाचं अडत नाही.

पाडल्याशिवाय हब होतच नाही असं कुणी म्हणालं तर मँचेस्टरचं उदाहरण द्या. तिथल्या महापालिकेनं न्यूटन हीथमधलं शार्प कंपनीचं जुनं गोदाम, सुमारे दोन लाख चौरस फुटांचं, तसंच ठेवलं आणि आत मालवाहू कंटेनर मांडून त्यांची ऑफिसं केली. २०११ पासून 'शार्प प्रोजेक्ट' नावानं ते चालू आहे, डिजिटल आणि चित्रीकरणाची कामं करणाऱ्या कंपन्या तिथे बसतात. आमचं समाजमंदिर त्यापुढे काडेपेटीएवढं, पण तत्त्व तेच.

आणि पाडायचंच ठरलं, तर बदल्यात काय मिळणार ते कागदावर घ्या. बार्सिलोनाच्याच पोब्लेनोऊ भागात २००० मध्ये '२२@' योजना मंजूर झाली, सुमारे दोनशे हेक्टर जुन्या कारखान्यांच्या जमिनीसाठी. मालकांना जादा बांधकाम, बदल्यात साधारण तीस टक्के जमीन घरं, बागा आणि सार्वजनिक सोयींसाठी. तिथेही भाडी वाढल्याची, जुने कारागीर उठल्याची ओरड झाली, कान रिकार्त या जुन्या कारखान्याच्या आवारावरून मोठं आंदोलन झालं. तरी हिशेब लेखी होता. आपल्याकडे मुंबईतल्या गिरण्यांच्या जमिनीचे १९९१ च्या नियमात तीन वाटे होते : पालिका, म्हाडा आणि मालक. २००१ च्या दुरुस्तीत वाटणी फक्त मोकळ्या जमिनीपुरती उरली, आणि बहुतेक जमिनीवर तर गिरण्याच उभ्या होत्या. एका शब्दानं किती एकर हलतात ते परळ-लोअर परळमध्ये चालत फिरलं की दिसतं.

आमच्या नोटिशीतला तसा शब्द म्हणजे 'दीर्घ मुदत'. खासगी संस्थेला जागा दीर्घ मुदतीनं द्यायची म्हणजे किती वर्षं, ते लिहिलेलं नाही. महापालिका अधिनियमाच्या कलम ७९ प्रमाणे पालिकेची मालमत्ता भाडेपट्ट्यानं देताना मोबदला बाजारभावापेक्षा कमी चालत नाही. ऐकायला छान वाटतं. पण चालवणारा बाजारभावानं भाडं भरणार, म्हणजे तोही खुर्चीचं भाडं बाजारभावानंच घेणार. मग वस्तीतला वायरमन, मिक्सर दुरुस्त करणारा, डिप्लोमाची मुलं तिथे बसणार कशी? आमच्या हबमध्ये पाच टेबलं 'स्थानिकांसाठी राखीव' होती. मी होतो तोवर त्यावर छापील माहितीपत्रकं ठेवलेली असत.

तर माझ्या मते असं. सॉफ्टवेअर करताय, गुंतवणूकदारांना भेटायचंय, पत्ता चांगला हवाय, तर हब सोयीचं, आणि तुमच्या भागात खासगी को-वर्किंग परवडण्यासारखं नसेल तर पालिकेनं ते काढणं चुकीचं नाही. हातानं काही बनवत असाल, किंवा तुमच्या घरात दहावी-बारावीनंतर काय हा प्रश्न असेल, तर कार्यशाळेकडे झुका. ढोलाचा आवाज धरून सांगतोय.

मी माझा अर्ज परवा दिला. आधी दोन पानं लिहिली होती, क्षेत्रीय कार्यालयातल्या बाई म्हणाल्या, "काका, एवढं कोण वाचणार?" मग तिथेच बाकावर बसून पाच ओळी केल्या. अभ्यासिका आणि बचत गटाची वेळ पक्की ठेवावी. केंद्र संध्याकाळी सात ते दहा चालू ठेवावं, कारण ज्यांना गरज आहे ते दिवसा कामावर असतात. किल्ली वस्तीतल्या दोघांकडे असावी. थ्री फेज आधी घ्यावं, रंगरंगोटी नंतर. फरशी काढू नये.

त्यांनी शिक्का मारून पोचपावती दिली. मुदत येत्या शुक्रवारी पाचपर्यंत आहे. दुपारी गेलात तर दोन ते अडीच खिडकी बंद असते.