परत मिळणारं डिपॉझिट

मी कळव्याला राहते. मेकॅनिकल इंजिनिअरिंग संपलं तेव्हा एकच ठरलं होतं, गाड्यांच्या टेस्टिंगमध्ये जायचं. १ ऑक्टोबर २०२३ पासून भारत एनकॅप, म्हणजे क्रॅश टेस्ट करून गाड्यांना सुरक्षेचे स्टार देणारी योजना, लागू झाली, म्हणजे या कामाला माणसं लागणार, असा माझा हिशोब होता. तो चुकीचा नव्हता. पण त्याच हिशोबावर आमच्यासारख्यांना गाठणारेही बसलेले असतात.

जॉब पोर्टलवर रेझ्युमे टाकला आणि तिसऱ्या दिवशी महाप्याच्या एका ऑफिसातून फोन आला. बाबांना घेऊन गेले. काचेची केबिन, भिंतीवर क्रॅश टेस्टचे मोठे फोटो. मॅडम म्हणाल्या, "काका, तीन महिने ट्रेनिंग, मग चाकणच्या टेस्ट लॅबमध्ये जॉइनिंग. पंचेचाळीस हजार ही फी नाही, डिपॉझिट आहे. पहिल्या सहा पगारांत परत मिळेल."

बाबांनी पावतीचं विचारलं. "पावती मिळेल ना काका, आधी सीट तर ब्लॉक करू."

वीस हजार तिथल्या तिथे यूपीआयने भरले. बाकीचे बाबांनी पतपेढीतून कर्ज काढून रोख दिले. यूपीआय करताना कंपनीचं नाही, कुणा व्यक्तीचं नाव आलं होतं. मी ते वाचलं आणि गप्प बसले. याचं मला आजही सगळ्यात जास्त वाईट वाटतं. मूळ मार्कशीटही 'व्हेरिफिकेशनसाठी' त्यांनीच ठेवून घेतल्या.

ट्रेनिंग म्हणजे प्रोजेक्टरवरच्या स्लाइड आणि गाडीतलं इलेक्ट्रॉनिक नेटवर्क तपासणाऱ्या कॅनो सॉफ्टवेअरचे स्क्रीनशॉट. आम्ही चौदा जण होतो. तीन महिन्यांत एकाच्याही हाती ना ईसीयू (गाडीतला छोटा कंट्रोल कॉम्प्युटर) आला, ना साधा मल्टिमीटर. हाताने प्रॅक्टिस करायच्या टेस्ट बेंचचं विचारलं की, "बेंच पुढच्या आठवड्यात येतोय."

शेवटच्या आठवड्यात रबाळ्याच्या एका कंपनीत मी स्वतःहून इंटरव्ह्यू दिला. तिथल्या सरांनी टेबलावर एक हार्नेस, म्हणजे गाडीतल्या वायरींचा जुडगा, ठेवला. त्यात कॅन हाय आणि कॅन लो या ईसीयूंना एकमेकांशी जोडणाऱ्या दोन वायरी होत्या. "सप्लाय बंद आहे. कॅन हाय आणि कॅन लो यांच्यामध्ये मीटर लावला, किती ओहम दाखवेल?" मी म्हटलं, एकशेवीस. स्लाइडवर तेच होतं.

"एकशेवीसचे रेझिस्टर दोन्ही टोकांना असतात, पॅरललमध्ये. म्हणून साठ. एकशेवीस आले तर एका टोकाचा रेझिस्टर लागत नाहीये, तो शोधायचा. एकदा हाताने मोजलं असतंस तर चुकली नसतीस." मग माझ्या सर्टिफिकेटवरची 'एआरएआय मान्यताप्राप्त' ही ओळ त्यांनी दोनदा वाचली. एआरएआय म्हणजे गाड्यांची टेस्टिंग करणारी पुण्याची संस्था. "एआरएआयची पुण्यात स्वतःची अकादमी आहे. त्यांनाच विचार." विचारलं. आमच्या संस्थेशी त्यांचा काही संबंध नव्हता.

चाकणचं ऑफर लेटर जीमेलवरून आलं होतं. त्यावरचा सीआयएन, म्हणजे कंपनीचा नोंदणी नंबर, कंपनी मंत्रालयाच्या साइटवर टाकला, तर कंपनीच सापडली नाही. सोमवारी महाप्याला गेलो, ऑफिसला कुलूप.

आत्ताच पास झालेल्यांनो, कृपा करून माझं ऐका. जो नोकरी देतो तो तुमच्याकडून डिपॉझिट घेत नाही. १९६१ च्या अप्रेंटिस कायद्याप्रमाणे तर शिकणाऱ्यालाच स्टायपेंड द्यावा लागतो. एनएटीएस या अप्रेंटिसशिपच्या राष्ट्रीय योजनेच्या सरकारी पोर्टलवर पदवीधरांच्या जागा येतात, त्या आधी बघा. क्लास लावायचाच असेल तर पैसे देण्याआधी बेंच दाखवा म्हणा, आणि मीटर स्वतः लावून बघा. मूळ मार्कशीट कुणाच्याही ताब्यात देऊ नका. ऑनलाइन पैसे गेले असतील तर त्याच दिवशी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. मी तीन महिन्यांनी केला, तोवर त्या खात्यात काही उरलं नव्हतं.

पोलिसांत तक्रार दिली आहे. चौदापैकी नऊ जणांनी सह्या केल्या. बाकीच्यांना अजून वाटतं की जॉइनिंग येईल. डुप्लिकेट मार्कशीटसाठी विद्यापीठात अर्ज केला आहे आणि पतपेढीचा हप्ता दर महिन्याच्या पाच तारखेला जातो. गेल्या आठवड्यात माझ्या धाकट्या मावसभावाला फोन आला. ऑफिस आता तुर्भ्याला आहे, नाव वेगळं आहे, आवाज त्याच मॅडमचा. डिपॉझिट पंचावन्न हजार.