मांडवीच्या मुखावरील तोफा : रेईश मागूश आणि आग्वादची मार्गदर्शित फेरी

गोव्यातील किल्ल्यांच्या मार्गदर्शित फेऱ्या बहुधा सूर्यास्त, छायाचित्रे आणि दीपस्तंभ यांतच आटोपतात. पणजीतील एका छोट्या संस्थेची रेईश मागूश व आग्वाद या दोन किल्ल्यांची सकाळची फेरी मात्र तोफा आणि त्यांच्या माऱ्यासाठी केलेली बांधणी या एकाच विषयाला वाहिलेली आहे, शिवाय ती मराठीतून आहे. म्हणून मी मुद्दाम तिला गेलो. तिचा पहिला भाग अतिशय चांगला आहे. दुसऱ्या भागात मात्र एक उणीव राहते, आणि ती विषयाच्या गाभ्यालाच लागून आहे.

सुरुवात रेईश मागूशच्या चर्चपासून होते. १५५१ साली बांधलेला आणि १७०७ मध्ये नव्याने उभारलेला हा किल्ला १९९३ पर्यंत तुरुंग म्हणून वापरात होता. पुढे दुरुस्तीनंतर २०१२ मध्ये तो लोकांसाठी खुला झाला. जांभ्याच्या उंच, उतरत्या तटांवरची ही दुरुस्ती इतक्या संयमाने झाली आहे की तोफांसाठी ठेवलेले झरोके, कोपऱ्यावरचे पहाऱ्याचे गोल मनोरे आणि त्यांना जोडणारी तटावरची वाट यांचा परस्परसंबंध नवख्या माणसालाही कळतो.

मार्गदर्शकांनी आम्हांला प्रथम तोफेमागे बसायला लावले. एक डोळा मिटून नळीच्या रेषेत पाहिले, तर झरोक्यातून नदीचा किती मोजका पट्टा दिसतो हे लगेच ध्यानात येते. झरोक्याच्या बाजू तिरप्या का, तर तोफ डावी-उजवीकडे थोडी फिरवता यावी आणि तरीही गोलंदाज भिंतीच्या आडोशाला राहावा. खालून एक बार्ज जात होती. एका झरोक्यातून ती दिसेनाशी होऊन पुढच्या झरोक्यात येईपर्यंत त्यांनी घड्याळ धरले, आणि तेवढ्या वेळात गोलंदाजांना काय काय उरकावे लागे ते क्रमाने सांगितले : ओल्या बोळ्याने नळी पुसून आतल्या ठिणग्या विझवायच्या, दारू भरायची, ती ठासायची, मग गोळा, मग मागच्या छिद्रात बारीक दारू आणि शेवटी बत्ती. धक्क्याने मागे सरकलेली तोफ पुन्हा जागेवर ओढून आणायचे काम वेगळेच. एक तोफ एकटी जहाज अडवू शकत नाही, तिच्या शेजारी दुसऱ्या तोफा का लागतात आणि समोरच्या काठावरही का लागतात, हे त्या काही मिनिटांत जितके स्पष्ट झाले तितके ते मला कोणत्याही माहितीफलकावरून झाले नव्हते.

समोरच्या काठावर गास्पार दियशचा किल्ला होता. आज तिथे मिरामारची वस्ती आहे. त्याच्या पलीकडे काबोचे टोक आणि अलीकडे समुद्रात घुसलेले आग्वादचे टोक, असा सगळा पट तटावर उभे राहून दाखवला जातो. मुखाशी वाळूचा दांडा असल्याने शिडाच्या जहाजाला ठरावीक वाटेने, वारा आणि भरती पाहून, सावकाश आत यावे लागे. तोफांची मांडणी त्या सावकाश येण्यावर बेतलेली आहे. गोळा कुठवर पडतो आणि कुठवर नेमका लागतो, ही दोन अंतरे मार्गदर्शकांनी वेगळी ठेवली, हे मला विशेष आवडले. म्हणूनच त्यांनी डचांचा प्रसंग नीट समजावला. १६०४ मध्ये डच जहाजे गोव्यासमोर आली, १६१२ मध्ये आग्वाद उभा राहिला; तरीही १६३६ पासून १६४४ पर्यंत डचांनी वारंवार गोव्याची नाकेबंदी केली, कारण तोफा मुख राखू शकत होत्या, पण पल्ल्याबाहेर नांगर टाकून बसलेल्या आरमाराला हटवू शकत नव्हत्या.

आग्वादवर हीच शिस्त सैलावते. सुमारे २४ लाख गॅलनांची पाण्याची टाकी आणि १८६४ चा दीपस्तंभ यांतच बराच वेळ जातो. पाणी महत्त्वाचे होतेच, दूरच्या प्रवासाची जहाजे इथे पाणी भरून घेत. पण जमिनीकडचा खंदक धावता पाहावा लागतो, हे खटकते. १७३९ मध्ये, चिमाजीअप्पांची वसईची मोहीम चालू असतानाच, सावंतवाडीकर भोसल्यांनी बार्देशचा बहुतेक मुलूख घेतला, तेव्हा आग्वाद आणि रेईश मागूश हे दोनच किल्ले पोर्तुगिजांच्या हाती राहिले. मराठी मंडळींपुढे हा प्रसंग खंदकाच्या काठावर उभे राहून सांगायला हवा होता.

खरी उणीव त्याहून मोठी आहे. सिकेरीच्या किनाऱ्यावर पाण्यातच पाय रोवून उभा असलेला खालचा बुरूज या फेरीत येतच नाही. उंचावरच्या तोफेला दूरचे दिसते, पण तिचे तोंड फार खाली करता येत नाही आणि तिचा गोळा वरून तिरपा येऊन पाण्यात बुडतो. पाण्यालगतच्या तोफेचा गोळा लाटांवरून उसळ्या घेत जहाजाच्या अंगावर जाऊ शकतो, म्हणून नेम थोडा चुकला तरी तो वाया जाईलच असे नाही. वरचा आणि खालचा मारा एकमेकांना पूरक आहेत, आणि ७९ तोफांचा किल्ला म्हणून सांगितल्या जाणाऱ्या आग्वादची ताकद त्या जोडीत आहे. दीपस्तंभापाशी घालवलेला वेळ कमी केला, तर हा बुरूज सहज बसेल. मी संस्थेला तसे लेखी कळवले आहे.

शुल्क वाजवी आहे, मात्र रेईश मागूशचे तिकीट त्यात धरलेले नाही आणि दोन किल्ल्यांमधला प्रवास आपल्याच वाहनाने करावा लागतो. दहा-बारा वर्षांच्या मुलांना पहिला भाग नक्की आवडेल. सिकेरीचा बुरूज फेरीत येईपर्यंत नाव नोंदवणाऱ्यांनी दुपार मोकळी ठेवावी आणि आग्वादवरून उतरल्यावर तो स्वतः जाऊन पाहावा.