एकभाषी श्लेष की दुभाषी श्लेष?

नवा शाब्दिक विनोद रचताना बेळगाव-खानापूर भागातील मराठी माणसापुढे दोन वाटा असतात. पहिली एकभाषी श्लेषाची. ‘वार’ म्हणजे दिवस आणि घावही. म्हणून लाठी शिकणाऱ्या पोराने ‘आज कोणता वार?’ असे विचारताच वस्ताद ‘डोक्यावरचा’ म्हणतात. प्रश्न एका अर्थाने, उत्तर दुसऱ्या, एवढीच ही रचना, आणि ती नागपूरपर्यंत कळते.

दुसरी वाट आपल्या सीमाभागाची, आणि मला तीच अधिक समृद्ध वाटते. कन्नडमध्ये ‘केळी’ म्हणजे ‘ऐका’ किंवा ‘विचारा’. बाजारात कन्नड गिऱ्हाईक आदराने ‘इल्ली केळी’, म्हणजे ‘इकडे ऐका’, म्हणते आणि मराठी फळवाला केळ्यांची फणी पुढे करतो. कन्नड शब्दाचा शेवटचा स्वर ऱ्हस्व आहे, मराठीतला दीर्घ. पण बोलण्याच्या ओघात हा फरक जवळजवळ पुसला जातो आणि विनोद तिथेच जन्मतो. मात्र ऐकणाऱ्याला दोन्ही भाषा कळायला हव्यात. अर्थ समजावून सांगावा लागला की गंमत संपते.

नवा दुभाषी विनोद रचायचा तर ‘हालु’ घ्यावा. कन्नडमध्ये त्याचा अर्थ दूध. बोलीत तो ‘हाल’सारखा ऐकू येतो. गवळ्याला ‘काय हाल?’ विचारावे, त्याने ‘आत्ताच काढलंय’ म्हणावे.