'सेट' म्हणजे नुसता संच नाही : ऑक्सफर्ड अ‍ॅडव्हान्स्ड लर्नर्स डिक्शनरी

माझी भाची नववीत आहे, मराठी मीडियम, अभ्यासाला माझ्याकडेच बसते. मागच्या महिन्यात तिच्या वहीत एक वाक्य दिसलं, 'द डॉक्टर सेट द बोन', आणि खाली पेन्सिलीने अर्थ लिहिलेला, 'डॉक्टरांनी हाडांचा संच केला'. म्हटलं हे कुठनं आणलंस, तर तिने दप्तरातनं खिशात मावेल एवढी डिक्शनरी काढली, त्यात सेटपुढे दोनच शब्द, संच आणि ठेवणे. पोरीची काय चूक? तिने बिचारीने शोधून लिहिलं होतं.

त्याच शनिवारी आप्पा बळवंत चौकात जाऊन आम्ही ही डिक्शनरी आणली, दहावी आवृत्ती, २०२० ची. चांगली जाडजूड आहे, मांडीवर घेऊनच बसावं लागतं. ही इंग्लिश शिकणाऱ्यांसाठीच केलेली आहे, हॉर्नबी नावाचे गृहस्थ जपानमध्ये इंग्लिश शिकवायचे त्यांनी ती तयार केली, आधी १९४२ मध्ये टोकियोत छापली गेली आणि १९४८ पासून ऑक्सफर्डने काढली. शिकवणाऱ्याने केलीय हे पानोपानी जाणवतं.

घरी येऊन पहिला सेटच काढला. मोठ्या शब्दांना यात आत छोटी छोटी मथळ्यासारखी लेबलं आहेत, सेटखाली घड्याळ, टेबल, दागिने, केस, हाड, सूर्य-चंद्र अशी, त्यामुळे सगळं वाचत बसायला नको, बोट खाली नेत जायचं आणि आपल्या वाक्यातली वस्तू सापडली की थांबायचं. तिचं बोट 'बोन'वर थांबलं, व्याख्या दोनदा वाचली, आणि एकदम म्हणाली, "मावशी, हाड बसवलं!" मग स्वतःच परत वर गेली, "म्हणजे अंगठीत खडा बसवतात तो पण सेट?" हो ना, तोही तिथेच आहे. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू, कारण हे क्रियापद जुन्या इंग्लिशमधल्या ज्या शब्दावरून आलं त्याचा अर्थच मुळी 'बसवणे' असा होता. संच या अर्थाचा सेट मात्र लॅटिनकडून फ्रेंचमार्गे आलेला, मूळ वेगळं, पुढे दोन्ही एकमेकांत मिसळले.

पण सगळीकडे बसवणं चालत नाही. अलार्म आपण लावतो, कवितेला चाल लावतो, जेवायची पानं मांडतो, पेपर काढतो, दही लागतं, सूर्य मावळतो, आणि इंग्लिशमध्ये या सगळ्याला सेट. त्यात भूतकाळातही सेटच, सेटेड नाही. म्हणून एका शब्दाला एक मराठी शब्द पाठ करून भागत नाही, वाक्य बघावंच लागतं, आणि या डिक्शनरीत खरी किंमत त्या उदाहरणाच्या वाक्यांचीच आहे. सेट अप, सेट ऑफ, सेट इन वगैरे मंडळी शेवटी वेगळी दिलीयत, 'द रेन हॅज सेट इन' म्हणजे पावसाने मुक्काम ठोकला हे तिला तिथेच कळलं.

एक सांगते, अर्थ इंग्लिशमधूनच आहेत, मराठी शब्द मिळणार नाही. त्यामुळे मराठी मीडियमच्या मुलांजवळ पहिले पंधरा-वीस दिवस कुणीतरी बसायला हवं, मग जमतं, कारण व्याख्या सोप्या शब्दांत आहेत. आठवी-नववीच्या पुढे घ्या, स्पर्धा परीक्षावाल्यांनी तर घ्याच. उच्चार ऐकायचे असतील तर वेबसाइट फुकट आहे, पण मुलांना पुस्तकच द्या, स्क्रीनवर ते वरचा एक अर्थ बघून उठतात.

आणि सेट एवढा मोठा बघून घाबरू नका. ऑक्सफर्डच्या थोरल्या, वीस खंडांच्या कोशात, १९८९ च्या, सेटचे ४३० च्या आसपास अर्थ होते, सगळ्यात लांब नोंद तीच, पुढे सुधारित नोंदीत 'रन' या क्रियापदाने ६४५ अर्थांवर जाऊन त्याला मागे टाकलं. हे सांगितल्यावर भाचीने काल आपणहून रन काढलाय, रोज रात्री जेवण झाल्यावर पाच अर्थ आणि प्रत्येकापुढे वहीत आपलं मराठी क्रियापद. आत्तापर्यंत धावणे, चालवणे, वाहणे आणि निवडणुकीला उभं राहणे एवढं झालंय.