लेव्हल २ एडास गाडी : मागच्या सीटवरून आलेला अनुभव

मुलाने घेतलेल्या लेव्हल २ एडास गाडीतून गेल्या पावसाळ्यापासून मी बीड, जालना आणि छत्रपती संभाजीनगर या भागांत सातत्याने प्रवास करत आले आहे. या गाड्यांविषयीचे बहुतेक अनुभव चालक लिहितात, म्हणून मागे बसणाऱ्याला काय वाटते ते सविस्तर नोंदवते. एडास म्हणजे चालकाला मदत करणारी यंत्रणा; लेव्हल २ मध्ये ही गाडी स्वतःहून पुढच्या वाहनापासून अंतर राखते आणि लेनमध्ये राहण्यासाठी स्टिअरिंगही वळवते. परंतु रस्त्यावर लक्ष ठेवण्याची जबाबदारी पूर्णपणे चालकाचीच असते.

समृद्धी महामार्गावर ही प्रणाली मला मनापासून आवडली. तिथे पांढरे पट्टे ठळक आहेत, वेग १२०च्या मर्यादेत बांधलेला असतो आणि पुढे ट्रक आला की गाडी इतक्या हळुवार मंदावते की डुलकी मोडत नाही. चालकाचा हात सुटला की काही सेकंदांत इशारा वाजतो. तो मलाही ऐकू येतो, याचा मोठा धीर वाटतो.

माजलगाव-परळीकडच्या रस्त्यांवर मात्र चित्र पालटते. ऊसतोडीच्या हंगामात दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर मागे लाल दिवा नसताना अंधारात उभे असतात, आणि थांबलेले वाहन वेगात असताना ओळखण्यात ही यंत्रणा कमी पडू शकते, असे गाडीच्या पुस्तिकेतच लिहिले आहे. त्यामुळे तिथे मुलगा क्रूझ (वेग आणि अंतर आपोआप राखणारी सोय) बंद ठेवतो, आणि ते योग्यच आहे. खड्डा चुकवताना इंडिकेटर दिला नाही तर लेन असिस्ट स्टिअरिंग उलट ओढते; तो झटका मागे बसल्यावर फार घाबरवतो.

माझ्या मते भीतीचे खरे कारण हे आहे की गाडी आत्ता कोण चालवत आहे ते मागच्याला कळत नाही. यंत्रणा चालू असल्याचे हिरवे चिन्ह फक्त चालकासमोर दिसते. एकदा गावाजवळ दुचाकी आडवी आली आणि गाडीने स्वतःहून करकचून ब्रेक लावला; तो आवश्यकच होता, पण मला काही क्षण मुलालाच काहीतरी झाले असे वाटले. तेव्हापासून तो "आई, गाडीवर सोडतोय" आणि "आता मी घेतली" असे मोठ्याने सांगतो, आणि माझी धास्ती बरीच ओसरली आहे. कंपन्यांनी ही सूचना मधल्या पडद्यावर आणि मराठीतून द्यावी, अशी माझी आग्रहाची मागणी आहे. अशा ब्रेकमुळे मागचा बेल्टही टाळता येत नाही.

खरेदीपूर्वी चाचणी फेरी घरातल्या वडीलधाऱ्यांना मागे बसवून, पट्टे पुसलेल्या रस्त्यावर घ्यावी. शोरूमपासून बायपासपर्यंतच्या चकरेत यातले काहीच कळत नाही.