लपून टिपायचं की विचारून? बस-ट्रेनमधल्या अनोळखी माणसांचे फोटो

रस्त्यावर एखाद्याला तुमचा कॅमेरा नकोसा वाटला तर तो वाट बदलून निघून जातो. धावत्या डब्यात बसलेल्याला ती सोय नाही. पुढचं स्टेशन येईपर्यंत तो तुमच्यासमोरच असतो. स्ट्रीट फोटोग्राफीच्या सरावासाठी बस किंवा मेट्रो निवडताना मला हीच गोष्ट सगळ्यात महत्त्वाची वाटते.

लपून आणि विचारून, अशा दोन वेगळ्या वाटांनी गेलेल्या दोन दिग्गज छायाचित्रकारांचं काम न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेतच झालं, त्यामुळे तुलना सोपी आहे. वॉकर इव्हान्सने १९३८ ते १९४१ या काळात ३५ मिमी फिल्मचा छोटा कॅमेरा कोटाआड लपवला. लेन्स दोन गुंड्यांमधून डोकावायची आणि शटरची केबल बाहीतून हातापर्यंत आणलेली असायची. त्याला मिळालेले चेहरे विलक्षण आहेत, कारण कुणीही कुणासाठी चेहरा सावरलेला नाही. ब्रूस डेव्हिडसन १९८० मध्ये तिथेच रंगीत फिल्म आणि फ्लॅश घेऊन उतरला. फ्लॅश काही लपत नाही. तो पुष्कळदा आधी विचारायचा आणि आपल्या फोटोंचा अल्बम जवळ ठेवायचा, म्हणजे हा माणूस काय करतो ते समोरच्याला कळावं.

लपून काढण्याच्या बाजूने एकच मुद्दा खरा आहे, तो म्हणजे सहजपणा. पण त्याची किंमत सराव करणाऱ्याला जास्त पडते. छातीशी दडवलेल्या कॅमेऱ्यातून फ्रेम दिसत नाही. इव्हान्सही व्ह्यूफाइंडरमध्ये न बघताच शटर दाबत होता. त्याची नजर आधीच तयार होती. आपली तयार व्हायची आहे, आणि न बघता काढलेल्या शंभर फोटोंतून ती होत नाही. मी सुरुवातीला मेसेज वाचतोय असं भासवून फोनवर फोटो काढायचो. ते सगळे खालून घेतलेले आहेत, कडा वेड्यावाकड्या कापलेल्या आहेत. त्यांतल्या माणसांना ते माहीतही नाही, याचं आज वाईट वाटतं.

विचारलं की माणूस पोझ देतो, ही तक्रार बरोबर आहे. त्यावर उपाय थांबण्याचा. होकार मिळाला की लगेच शटर दाबू नका. दोन स्टेशनं जाऊ द्या. तो पुन्हा खिडकीबाहेर बघू लागतो, आपल्या विचारात बुडतो, आणि तोवर प्रकाश कुठून येतोय हे तुम्हालाही दिसलेलं असतं.

या दोहोंमधली वाट मला सगळ्यात जवळची आहे. कॅमेरा उघडपणे हातात ठेवायचा, क्षण दिसला की टिपायचा आणि लगेच नजर मिळवून फोटो दाखवायचा. नको म्हणाले तर त्यांच्यासमोरच डिलीट करायचा. झोपलेली, आजारी माणसं आणि मुलं मात्र यात धरू नका. झोपलेल्याला नकार देता येत नाही.

तंत्र दोन्हीकडे जवळपास सारखंच आहे. २८ किंवा ३५ मिमी लेन्स, म्हणजे जवळूनही बराच भाग फ्रेममध्ये मावतो; डबा हलतो म्हणून शटरचा वेग निदान १/१२५ सेकंद; आणि आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाशाबद्दलची संवेदनशीलता, १६०० च्या वर. आवाज टाळायला सायलेंट, म्हणजे इलेक्ट्रॉनिक शटर लावलंत तर काही एलईडी दिव्यांखाली फोटोवर आडवे पट्टे येतात आणि खिडकीबाहेरचे खांब तिरपे दिसतात.

नियम दोन ठिकाणी तपासा: देशाचा कायदा आणि त्या वाहतूक सेवेचे स्वतःचे नियम. फोटो काढणं आणि तो प्रसिद्ध करणं या दोन गोष्टी वेगळ्या असू शकतात. जर्मनीत १९०७ च्या कायद्यानुसार, काही अपवाद सोडले तर, माणसाचं चित्र प्रसिद्ध करायला त्याची संमती लागते. इव्हान्सच्या त्या फोटोंचं पुस्तक १९६६ मध्ये आलं, म्हणजे शेवटचा फोटो काढल्यावर पंचवीस वर्षांनी. आज तोच फोटो माणूस घरी पोचायच्या आत जगभर जाऊ शकतो. म्हणून पहिले काही महिने विचारूनच काढा, आणि ज्याने होकार दिला त्याला उतरण्याआधी फोटो पाठवायची तयारी ठेवा.