आधी सोलर, बॅटरी की इलेक्ट्रिक गाडी? जळगाव-धुळ्याकडच्या घरांचा हिशोब

दीड-दोन लाख रुपये हाताशी आले की सध्या आपल्याकडे हाच प्रश्न पडतो. त्यात १ जुलै २०२५ पासून टीओडी मीटर (कोणत्या वेळी किती वीज वापरली हे नोंदवणारं मीटर) असलेल्या घरगुती ग्राहकांना सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतल्या विजेवर युनिटमागे ८० पैशांची सवलत जाहीर झाली, त्यामुळे गोंधळ आणखी वाढला. माझं मत स्पष्ट आहे: छत स्वतःचं असेल तर आधी सोलर, मग इलेक्ट्रिक स्कूटर, आणि वीज साठवायची बॅटरी सगळ्यात शेवटी.

सवलतीचं आधी उरकू. २०० वॅटचा कूलर दिवसा आठ तास चालला तर १.६ युनिट जळतात, म्हणजे वाचले सव्वा रुपया. महिन्याचे चाळीसेक. टाकीची मोटर, वॉशिंग मशीन, इस्त्री हे सगळं दुपारी उरकलं तर थोडे आणखी. भाड्याच्या घरात किंवा फ्लॅटमध्ये राहणाऱ्याने हे जरूर करावं, खिशातून काही जात नाही. पण सोलर लावणाऱ्याने या सवलतीवर गणित मांडू नये. सवलतीची वेळ आणि पॅनलची वेळ एकच, त्या तासांत तुम्ही महावितरणकडून वीज घेणारच थोडी.

सोलरचं गणित मात्र भक्कम आहे. केंद्राच्या पीएम सूर्यघर योजनेत पहिल्या २ किलोवॅटला प्रत्येकी ३०,००० आणि तिसऱ्याला १८,००० असं मिळून ७८,००० रुपये अनुदान मिळतं. त्यापुढे कितीही मोठा प्रकल्प लावा, अनुदान तेवढंच. ३ किलोवॅटमधून दिवसाला साधारण १२ युनिट निघतात. ज्यांचं बिल १०० युनिटच्या वर जातं त्यांचे आधी महागड्या स्लॅबमधले युनिट कमी होतात, म्हणून पैसे लवकर वसूल होतात. १०० च्या आतल्या घराने घाई करू नये. छतावरच्या सोलरसाठी राज्याची ‘स्मार्ट’ नावाची योजना अशाच घरांसाठी आहे, ती आधी पाहावी.

एक गोष्ट विक्रेते सांगत नाहीत. मे महिन्यात भुसावळला पारा ४५ च्या पुढे जातो तेव्हा पॅनलला हात लावून पाहा, चटका बसतो. २५ अंशांच्या वर प्रत्येक अंशामागे पॅनलची ताकद ०.३ ते ०.४ टक्के घटते. पॅनल ६५ अंशांवर गेलं की चौदा-पंधरा टक्के गेले. त्यावर धूळ वेगळी. पॅनलखाली हवा खेळेल एवढी उंची ठेवा आणि धुवायचं ते पहाटे, तापलेल्या काचेवर गार पाणी नको. जुनं धाब्याचं घर असेल तर पॅनलच्या स्ट्रक्चरचा भार कुठे येणार हे मिस्त्रीला दाखवल्याशिवाय ऑर्डर देऊ नका.

आता बॅटरी. नेट मीटर असेल तर दिवसाची जास्तीची वीज ग्रिडला, म्हणजे महावितरणच्या लाइनवर जाते आणि रात्रीच्या वापरातून वजा होते. म्हणजे साठवणुकीचं काम ग्रिडच करते, तेही फुकट. पैशांसाठी बॅटरी घेण्याला अर्थ नाही. मात्र लाइट गेली की साधं ऑन-ग्रिड (बॅटरीशिवाय थेट ग्रिडला जोडलेलं) सोलर भर दुपारीही बंद पडतं, कारण लाइनवर काम करणाऱ्या वायरमनला झटका बसू नये. घरात ऑक्सिजनचं यंत्र असेल, आजारी माणूस असेल किंवा गावात लाइट वारंवार जात असेल, तर हायब्रिड इन्व्हर्टर (सोलर, ग्रिड आणि बॅटरी तिन्हींवर चालणारा) आणि लिथियम बॅटरी जरूर घ्यावी. लेड-अ‍ॅसिड स्वस्त खरी, पण आपला उन्हाळा तिला मारतो. ती गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत तर मुळीच ठेवू नका.

गाडीत आधी स्कूटर. तिची बॅटरी साधारण ३ युनिटांची, त्यात ८०-१०० किलोमीटर होतात. पेट्रोलवर तेवढ्यासाठी दोन लिटर लागतात. दुकानावरच घर असेल तर ती दुपारी चार्ज होते, सोलर नसेल तर सवलतही मिळते. नोकरदाराची गाडी दिवसभर ऑफिसात असते, त्याने रात्री चार्ज केली तरी नेट मीटरवर बिघडत नाही.

कारचं वेगळं. ३० युनिटांची बॅटरी एकदा पूर्ण भरायची म्हणजे ३ किलोवॅट सोलरची अडीच दिवसांची कमाई. वर्षा-दोन वर्षांत कार घ्यायचा विचार असेल तर सोलरच्या अर्जाआधी बिलावरचा मंजूर भार (एका वेळी किती किलोवॅट वापरायची परवानगी आहे तो आकडा) बघा, ३.३ किलोवॅटचा चार्जर आणि एसी एकाच वेळी चालणार असतील तर तो आत्ताच वाढवून घ्या.